करदोड्याचा धुरा

दिव्यानीच्या आईबापाचं लग्न मोडलं, तेव्हा कोर्टाचा शिक्का पडलेल्या कागदात एक ओळ होती. मुलीचा दैनंदिन खर्च उभयतांनी निम्मा-निम्मा सोसावा. ओळ मोठी सुबक होती. गोंडपिपरीच्या कोर्टातून गावी येईपर्यंत ती सगळ्यांना पटलेलीही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्यानीला खोडरबर हवं झालं आणि ओळ तिथेच अडली.

दहा वर्षांच्या पोरीला काही एकदम मोठं लागत नाही. तिला सकाळी खोडरबर लागतं, दुपारी पेप्सीकोला लागतो, संध्याकाळी चपलेचा पट्टा तुटतो. त्याचं निम्मं करत बसायचं म्हणजे घरात रोज पंचायत. आणि तिच्या आईबापाला, चंदा-धनराजला, झाली तेवढी पंचायत पुरेशी होती. त्यांचा एकमेकांवर राग होता असं नाही. दोघांनाही हरता येत नव्हतं, एवढंच. भाजीत मीठ कमी की जास्त यावरून निघालेलं बोलणं ते चार-चार दिवस पुरवून खात. शेवटी बोलणंच उरलं, भाजी करपली. आता धनराज आपल्या घरी राहून ट्रॅक्टर चालवत होता, चंदा दहा घरं सोडून माहेरच्या अंगणात पिठाची चक्की चालवत होती, आणि दिव्यानी आठवडाभर चक्कीच्या आवाजात आणि शनिवार-रविवार ट्रॅक्टरच्या आवाजात झोपत होती.

लग्नाच्या बारा वर्षांत चंदाने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. कागद हातात पडला, तशी ती भर गावात त्याला 'धनराजभाऊ' म्हणू लागली. तो 'भाऊ' धनराजला जेवढा बोचला, तेवढं कोर्टातलं काही बोचलं नव्हतं. तोही मग हट्टाने 'चंदाबाई' म्हणू लागला, पण त्याने कोणालाच हसू येईना.

खोडरबराचा निवाडा दादाजींकडे गेला. दादाजी गावातले जुने माणूस, धुऱ्याचे जाणकार. दोन शेतांच्या मधली ती हातभर रुंदीची मातीची कड कोणाची, तिच्यावरचं गवत कोण कापणार, असली भांडणं त्यांनी जन्मभर मिटवली होती. धुऱ्यावर मोहाचं झाड असलं तर ते बुंध्याला दोरी बांधायचे आणि सांगायचे, ह्या अंगाला झुकलेल्या फांद्या तुझ्या, त्या अंगाच्या त्याच्या. फुलं वेचायला आपापल्या फांदीखाली या. चैतात दोन्ही घरच्या बाया पहाटे एकाच झाडाखाली पाठीला पाठ लावून टोपली भरायच्या, आणि भांडण नसायचं.

दादाजींनी दिव्यानीला अंगणातल्या खांबापाशी उभं केलं आणि मोहाकडे पाहावं तसं तिला खालून वर पाहिलं.

"झाडाचं जमते, तं पोरीचं काऊन नाई जमणार?" ते म्हणाले. "पोरी, करदोडा हाय का कमरेले?"

होता. आजीने दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा.

"हा धुरा," दादाजी म्हणाले. "करदोड्याच्या वरची पोर धनराजची, खालची चंदाची. डोस्कं बापावर गेलं हाय, चाल मायवर. ज्याचं त्याच्याकडे. जेवण ज्या चुलीवर, त्या चुलीचं. ताप आला तं निम्मा-निम्मा, कारण तो सगळीकडे रायते."

"अन् आबाजी, हात खाली सोडले तं?" दिव्यानीने विचारलं. "बोटं करदोड्याच्या खाली येते."

दादाजींनी तिच्याकडे जरा लक्ष देऊन पाहिलं. "फांदी जिथून निघते तिथली," ते म्हणाले. "हात खांद्यातून निघाले. बापाचे."

तर खोडरबर धनराजकडे गेलं. पेन्सिली, वह्या, रिबिनी, तेल, कानातले, शाळेचा शर्ट हे सगळं त्याचं. स्कर्ट, मोजे, चपला, पैंजण चंदाचे. धनराजने पोर वाढत्या अंगाची म्हणून शर्ट दोन मापं मोठा घेतला. चंदाने आपल्या वाट्याचं नीट बसवून घेतलं. शाळेत दिव्यानी वरून बुजगावणं आणि खालून परी दिसायची. पोरांना तेवढं पुरलं. उन्हाळ्याच्या आधी एक गाणं गल्लीत फिरू लागलं,

*वरची पोर बापाची, खालची पोर मायची,*
*मधातल्या करदोड्याले वाट नाई जायची.*

दिव्यानी चिडली नाही. चाल चांगली होती, तीही म्हणायची.

धनराजचं मात्र सोनं झालं. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून ग्रीस लागलेल्या बोटांनी तो पोरीची वेणी घालायला शिकला. बाजारात बायांच्या घोळक्यात उभा राहून नायलॉनची रिबीन आणि साटीनची रिबीन यावर मत देऊ लागला. चंदा चक्कीवरच्या बायांना सांगायची, "त्याईचं काय, डोस्कं चपला घालत नाई. मले पाहा, पाय कसे खाते." हे धनराजच्या कानावर गेलं की तो म्हणायचा, "केस महिन्याले वाढते. पाय कापा लागते का महिन्याले?" पण ही बोलणी दहा घरांच्या अंतराने चालत. माणसं समोरासमोर येत नसत. झाड शांत वाटून घेतलेलं होतं.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरली. दंडारीच्या नाचाचे ढोल वाजत होते, आणि एका दुकानाबाहेर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध असा एक फ्रॉक टांगलेला होता, तांबडा, मधे कुठे जोड नाही. दिव्यानीने तो मागितला, निव्वळ आवडला म्हणून. तिच्या मनात तेव्हा काही नव्हतं, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

फ्रॉक घरी आला, पण तो कोणाच्या वाट्याचा, हे ठरेना. त्या संध्याकाळी धनराज, कागद झाल्यापासून पहिल्यांदा, चंदाच्या अंगणात आला. दादाजींनाही बोलावलं. खाट टाकली. पाव्हण्याला विचारावंच लागतं म्हणून चंदाने चहा ठेवला. दादाजींनी सुतळीने फ्रॉक मोजला. वरचं कापड कमी, पण बटणं वर. खालचा घेर जास्त, पण झालर खाली. दिवे लागले तरी ते चाललंच होतं.

"बटणाचं कापड होते का धनराजभाऊ?"

"झालरीचा का दागिना होते चंदाबाई?"

दिव्यानी खाटेच्या कडेवर चिवडा खात बसली होती. उजवीकडे बाप, डावीकडे माय, मधे चहाची वाफ. दोघंही तिच्याबद्दलच बोलत होते, आणि बोलण्याला अंत दिसत नव्हता. तिला चिवडा फार गोड लागला.

झालं, त्या दिवसापासून पोरीला जे जे हवं ते नेमकं मधलं हवं होऊ लागलं. आधी बेल्ट. मग कमरेला बांधायची पिशवी. मग एक रेनकोट, टोपीपासून घोट्यापर्यंतचा. दोरीवरच्या उड्यांची दोरी आली, तेव्हा तर दोन संध्याकाळी गेल्या, कारण दोरी हातात धरतात पण पायाखालून जाते. एकदा पोट दुखलं. "कुठी?" दोघांनी एकदम विचारलं. दिव्यानीने फार विचार करून बरोबर करदोड्यावर बोट ठेवलं. दोघंही तिला घेऊन दवाखान्यात गेले, येताना तिघांनी रसवंतीवर रस प्याला, आणि रस्त्यातच पोट दुखायचं थांबलं.

जिथे वस्तू मधली नव्हती, तिथे ती धुरा सरकवायची. करदोडा सैल होता. शर्टाखालून दोन बोटं वर ओढला की बंडी आईच्या हद्दीत यायची. खाली ढकलला की स्कर्टाची नाडी बापाच्या. मग दादाजी यायचे, सुतळी यायची, चहा यायचा.

आणि मग एका संध्याकाळी चक्की बंद करून चंदा कोरड्या आवाजात म्हणाली, "धनराजभाऊ, मी थकली आता."

"मी बी," धनराज म्हणाला.

"चंद्रपूरले पोरीईचं हॉस्टेल हाय. राहणं, खाणं, कपडे, सगळ्याची एकच पावती. निम्मी तुमी, निम्मी मी. भांडण खलास."

दिव्यानीने श्वास धरला. आता तो 'नाई' म्हणेल आणि मग रात्रभर चालेल.

"ठीक हाय," धनराज म्हणाला.

त्यांचं कशावर तरी एकमत व्हावं, असं तिला किती दिवसांपासून वाटत होतं. पण ते यावर होईल असं तिला वाटलं नव्हतं. त्या दिवशी चहा लवकर संपला, आणि चिवड्याची वाटी तिने तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती दादाजींकडे गेली. ते उन्हात बसून दावं वळत होते.

"आबाजी, मले नाई जायचं हॉस्टेलमधी."

"मले काहाले सांगतं? मी धुरा सांगतो. शेत त्याईचं."

"तुमी म्हटलं तं आयकतीन."

दादाजींनी दाव्याला पीळ दिला. "पोरी, धुरा कोरणारा माणूस पाह्यला का तू? रोज नांगराचं एक टोक आत घालते. त्याले वाटते, कोणाले दिसते? मले दिसते. बेल्ट दिसला, रेनकोट दिसला, पोट बी दिसलं." तिने मान खाली घातली. "मंग एक दिवस का होते माहीत हाय? धुराच उरत नाई. दोन्हीकडले मालक वैतागते, म्हणते जाऊ दे, इकूनच टाकू हे शेत."

"म्हणजे मीच केलं?"

"थोडंसं तू केलं. बाकीचं त्याईनं बारा वर्षं केलं," दादाजी म्हणाले. "जाय आता. माहा पीळ सुटते."

प्रवेशाची रक्कम भरली गेली. फोन आला की बाकी सगळं तिथे मिळेल, फक्त गादी घरून आणा. ज्या पावतीवर सगळं बसणार होतं तिच्यावर गादी बसत नव्हती. म्हणून बुधवारी धनराज मोटारसायकलने आणि चंदा दिव्यानीला घेऊन बसने गोंडपिपरीला गुलाब गादीवाल्याच्या दुकानात भेटले.

गुलाबच्या दुकानात हवेत कापूस उडत होता. त्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने निळ्या चौकडीची एक नवी गादी काढून पसरली, तिच्यावर थाप मारली आणि विचारलं, "पैसे कोण देते?"

"अंगाखाली रायते," धनराज म्हणाला. "खालचं खातं चंदाबाईचं."

"डोस्कं का हवेत ठेवते का ती?" चंदा म्हणाली. "पाठ कोणाची हाय? खांदे कोणाचे हाय?"

गुलाबला काही कळेना. त्याला धुऱ्याची गोष्ट सांगावी लागली. ती त्याला इतकी आवडली की त्याने हातातलं गिऱ्हाईक सोडलं. दिव्यानी गादीकडे पाहत उभी होती. चंद्रपूर आता फक्त ह्या गादीएवढं दूर होतं. तिला रडू येत होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"झोपल्यावर वर-खाली कुठी रायते?" ती म्हणाली. "झोपलेल्या झाडाची फांदी कोणाची?"

तिघांनी एकदम गादीकडे पाहिलं. मग गुलाब म्हणाला, "पाहून घेऊ नं. झोप पोरी," आणि कानावरचा खडू काढला.

ती झोपली. गुलाबने तिच्या कमरेपाशी गादीवर आडवी पांढरी रेघ ओढली. "हे घ्या. वरचं इतकं, खालचं इतकं."

दिव्यानी एका कुशीवर वळली, पाय पोटाशी घेतले आणि सगळीच्या सगळी रेघेच्या वर गेली.

"हे तं पूर्ण धनराजभाऊचं झालं," चंदा म्हणाली.

"पाय सरळ कर," धनराज म्हणाला.

तिने सरळ केले, मग खाली घसरली आणि आईच्या हद्दीत गोळा होऊन पडली. गुलाबने रेघ पुसून दुसरी ओढली. ती वळली. तिसरी ओढली. ती आडवी झाली, डोकं गादीच्या एका काठावर, पाय दुसऱ्या काठावर, रेघ तिच्या लांबीच्या बाजूने. आणि तिने डोळे मिटून घेतले, तोंड थोडं उघडं ठेवलं आणि झोपेतला श्वास सुरू केला. हे तिला चांगलं जमायचं.

"झोपली का काय?" गुलाब म्हणाला.

चंदा गादीच्या कडेला टेकली. तिने लेकीच्या तळव्याला हळूच गुदगुली केली. दिव्यानीने पोटात हसू दाबलं, इतकं की डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी आलं, पण पाय हलवला नाही.

"झोपली वाटते," चंदा म्हणाली. आवाजावरून तिला सगळं कळलेलं होतं. पण उठवलं नाही. "अशीच झोपते ती. आडवी. मी काठावर. भिंतीकडून टाकते तिले, म्हणून बरं हाय."

"माह्याकडे भिंत नाई त्या बाजूले," धनराज म्हणाला. "पडते खाली. मी खाली चटई आंथरून, चटईवर गोधडी टाकून ठेवतो."

"पडते? मले नाई सांगतलं कधी."

"तुमी विचारलं कुठी? तुमी रिबिनीचे पैसे विचारता."

"लागलं नाई ना तिले?"

"पडते अन् तिथंच झोपते. सकाळी म्हणते, बाबा, मले खाली कोणी नेलं."

चंदा हसली. धनराजकडे पाहून हसली असं म्हणता येणार नाही, गादीकडे पाहून हसली, पण हसली. मिटल्या डोळ्यांनी दिव्यानीने ते ऐकलं आणि झोपेतला श्वास आणखी जपून घेतला.

"तिथी चांगलं रायते बाप्पा," गुलाब म्हणाला. त्याला गिऱ्हाईक घालवायचं नव्हतं. "माह्या भावाची पोरगी तिथीच हाय. लोखंडाचे पलंग. एकावर एक, दोन मजली."

"दोन मजली?" चंदा म्हणाली.

"हो. आधी येते त्याईले खालचा. उशिरा नाव लागलं त्याईले वरचा."

पोरीचं नाव आत्ताच लागलंय, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाहेर रस्त्यावरून एक ऑटो भोंगा वाजवत गेला. कापसाचा एक पुंजका येऊन दिव्यानीच्या नाकावर बसला. तिला शिंक आवरेना, पण आवरली.

"वरच्याले कठडा रायते का गुलाबभाऊ?" धनराजने विचारलं.

"रायते ना. इतका." गुलाबने चार बोटं दाखवली.

"चार बोटाचा कठडा," धनराज म्हणाला. "हिले?"

"अन् रातच्याले पांघरूण कोण टाकते?" चंदा म्हणाली. "दोनदा उठा लागते."

"तीनदा," धनराज म्हणाला.

"दोनदा."

"थंडीत तीनदा, चंदा."

बाई म्हणायचं राहून गेलं. कोणी दुरुस्त केलं नाही. वाऱ्याने दुकानाचं फडकं हललं, ऊन गादीवर आलं, आणि पोरीच्या चेहऱ्यावर पडलं तसा धनराजने वाकून हाताचा आडोसा धरला.

"राहू द्या गादी, गुलाबभाऊ," चंदा म्हणाली.

"हॉस्टेलचं पुढच्या साली पाहू," धनराज म्हणाला.

"पाहू."

आता मात्र दिव्यानीला शिंक आली. अशी आली की कापूस उडाला आणि ती उठून बसली, आणि तिच्याकडे कोणीच आश्चर्याने पाहिलं नाही.

आश्चर्य गुलाबला वाटत होतं. "राहू द्या म्हणजे? हे पाहा, तीन रेघा मारल्या मी. खडू घासला. ही नवी गादी आता कोण घेईन?"

"रेघा तुमी मारल्या."

"पोरगी तुमची."

पोरगी होतीच त्यांची. धनराजने खिशात हात घातला, चंदाने बटवा उघडला. निम्मे याने, निम्मे तिने. कागदावरची ती सुबक ओळ इतक्या दिवसांत पहिल्यांदा लिहिल्याप्रमाणे पाळली गेली, तीसुद्धा कोणाच्या लक्षात न येता.

बसचा कंडक्टर गादीचं वेगळं तिकीट मागेल, म्हणून मग तिघंही मोटारसायकलवर बसले. पुढे धनराज, त्याच्या पाठीला दिव्यानी, तिच्या मागे गुंडाळून सुतळीने बांधलेली उभी गादी, आणि गादीच्या पलीकडे, एका हाताने गादी आणि एका हाताने पदर धरून चंदा. घटस्फोट झालेल्या माणसांनी कसं बसावं, याचा याहून शोभणारा नमुना तालुक्यात कोणी पाहिला नसेल. गावाबाहेर पडलं की दोन्हीकडे जंगल सुरू होतं. सागाची वाळली पानं रस्त्यावर खडखडत होती. वारा असा की पुढचं मागच्याला ऐकू येईना, आणि जे येई ते गादी खाऊन टाकी.

"दिव्यानी," मागून चंदा ओरडली, "सांग त्याईले, गादी माह्या घरी उतरवायची. भिंतीकडून टाकीन."

"का म्हणून राह्यली वो तुही माय?" पुढून धनराजने विचारलं.

दिव्यानीने पुढे पाहिलं, मागे गादीच्या कडेने पाहिलं. दोन्हीकडचं फक्त तिलाच ऐकू येत होतं.

"माय म्हणते, गाडी चांगली चालवता तुमी," ती म्हणाली.

गाडी खड्डे चुकवू लागली. "सांग तिले," तो शेवटी म्हणाला, "नीट पकडून बस म्हणा."

दिव्यानी मागे वाकली. "बाबा म्हणते, गादी तुह्याच घरी टाकतो, पण चहा पायजे म्हणते."

"ते असं म्हणले?"

"हो."

"चहा भेटीन म्हणा," चंदा म्हणाली. "पण साखर नाई घरी."

हे मात्र दिव्यानीने जसंच्या तसं पुढे सांगितलं. धनराजने पुढच्या गावाच्या फाट्यावर, किराणा दुकानासमोर गाडी थांबवली, एक पाय जमिनीवर टेकला आणि गादीच्या कडेने मान लांब करून मागे विचारलं, "किती आणू?"